बंदुकीचा सिलिकॉन मोजा, नारंगी दाणे आणि आमचा कुलर : सव्वा वर्ष वापरून

निवडणुकीपुरती जमा केलेली बंदूक २०२४ च्या जूनमध्ये परत मिळाली तेव्हा डाव्या नळीवर, मागच्या टोकापासून चार बोटं पुढे, एक अंगठा उमटला होता. शाईचा नव्हे, गंजाचा. तांबूस, अगदी रेघारेघांसकट. ज्यांच्या ताब्यात तीन महिने होती त्यांना मी मनातल्या मनात दोन शेलक्या शिव्या घातल्या. घरी आणून दारातल्या उजेडात धरली, तर त्या ठशाच्या मधोमध एक आडवी फट. माझ्या उजव्या अंगठ्यावर कोयत्याची जुनी खूण आहे, ती हीच. म्हणजे मार्चमध्ये, आचारसंहिता लागल्यावर, केळीचे घड उतरवता उतरवता धावत घरी येऊन, घामेजल्या हातानं बंदूक कव्हरात कोंबली ती मीच. शिव्या परत घेतल्या.

त्या अंगठ्यानंतर मी जे जे विकत आणलं त्याचा हा हिशेब. मोजा (बंदुकीवर चढवायची कापडी खोळ), ओल शोषणारे दाणे, कागद, तेल. कंपन्यांची नावं बहुतेक टाळते, कारण तोच माल पाच नावांनी विकला जातो.

आमचं शेत सातपुड्याच्या पायथ्याला, रावेर तालुक्यात, पालच्या रस्त्याकडे. केळी, आणि बांधाच्या पलीकडे मका. मका भरला की रानडुकरं उतरतात. आप्पांनी त्यासाठीच पीकसंरक्षणाचा परवाना काढलेला. बारा बोरची दुनळी, मुंगेरची बनावट, तीस इंची नळ्या, अक्रोडाचा दस्ता. आप्पा सत्तरीच्या पुढे गेल्यावर वारस म्हणून परवाना माझ्या नावे झाला (भाऊ जळगावला नोकरीला, शेत मीच बघते). आता डुक्कर वन्यजीव कायद्यात येतं, परवानगीशिवाय त्याच्यावर बार टाकता येत नाही, त्यामुळे ही बंदूक आवाजापुरती. तोही सहा वर्षांत चारदा काढला असेल. बाकी सगळे दिवस ती कपाटात उभी. म्हणून मला नेमबाजीतलं काही विचारू नका. नुसती ठेवून दिलेली बंदूक कशी खराब होते, यावर मात्र मी आता बरंच बोलू शकते.

आप्पांच्या वेळी ती माजघरात दोन लाकडी खुंट्यांवर आडवी, उघडी असायची. दर शनिवारी मारुतीला जाऊन आले की तेलाचं फडकं फिरवायचे. आता असं भिंतीवर ठेवणं बरोबर नाही आणि मीही सांगणार नाही. बंदूक कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि हात लावायच्या आधी उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघायचं. पण आप्पांच्या काळात तिच्यावर गंजाचा ठिपका नव्हता हेही खरं. मी ती ताब्यात घेतल्यावर पहिलं काम काय केलं, तर छान काळं रेक्झिनचं कव्हर आणलं. आत जाड फोम. आप्पा म्हणाले, "बंदुकीले पांघरूण कशाले व? तिले काय हिव वाजते?"

आप्पांचं बरोबर होतं. फोम ओल धरतो आणि धरून बसतो. चामड्याचं कव्हर तर त्याहून वाईट, कातडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं त्यात राहतात. कव्हर हे बंदूक नेण्या-आणण्यासाठी असतं, साठवण्यासाठी नाही. शिवाय आमच्याकडे धूळ कशी असते ते खान्देशात राहणाऱ्याला सांगायला नको. ती फोममध्ये बसते आणि बंदूक आत-बाहेर करताना बारीक पॉलिश पेपरासारखी घासते. माझ्या नळीच्या तोंडाची कड पांढरी पडली होती, काळा रंग गेलेला. मला वाटलं जुनी झाली. जुनी नाही, मी घासली.

तो काळा-निळसर रंग, ज्याला ब्लुइंग म्हणतात, तो रंग नव्हेच. पोलादाचा वरचा थरच काळ्या ऑक्साइडमध्ये बदललेला असतो. एका अर्थी तोही गंजच, पण मुद्दाम घडवलेला आणि शहाणा. केसाहून कितीतरी पातळ, आणि बारीक छिद्रांचा. तो स्वतः लोखंड फारसा वाचवत नाही, तेल धरून ठेवतो, आणि तेल वाचवतं. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी "ब्लुइंग आहे ना, मग काय होतंय" म्हणत बसले नसते.

अंगठा कसा काढला ते थोडक्यात. जाडसर तेल लावून रात्रभर ठेवलं. सकाळी सगळ्यात बारीक, चार शून्याचं स्टील वूल तेलातच बुडवून, भांड्यावरची साय सरकवतो इतक्या हलक्या हातानं फिरवलं. तांबूस पावडर निघाली, खाली पुसट सावली राहिली. शेजारच्या एकानं एमरी पेपरानं लख्ख करून नवीन ब्लुइंग मारून आणायचं सुचवलं. एके ठिकाणी चौकशीही केली. गरम क्षाराच्या टाकीत बुडवून काढू म्हणाले. इथे सावध राहा. दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी बहुतेकदा कथील-शिशाच्या डाखानं जोडलेल्या असतात, आणि ती टाकी डाख खाते. एकनळीला चालेल ते दुनळीला चालत नाही. तिला संथ पद्धतीचं ब्लुइंग लागतं आणि ते जाणणारा माणूस लागतो. मी सावली ठेवून घेतली.

आता मोजा. जुलै २०२४ मध्ये ऑनलाइन घेतला, साडेसातशेला पडला. विणलेलं, ताणलं जाणारं कापड, त्यात सिलिकॉन जिरवलेलं. तोंडाला नाडी. लांबी बावन्न इंच. माझी बंदूक नळीच्या तोंडापासून दस्त्याच्या टाचेपर्यंत सत्तेचाळीस भरते, त्यामुळे वर दुमडायला कापड उरतं. घेताना आधी स्वतःच्या बंदुकीची लांबी टेपनं मोजा, पाकिटावर "सर्वांसाठी" लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. हातात घेतला तेव्हा मऊ, किंचित तुकतुकीत, पावसाळी छत्रीच्या कापडासारखा वास. वास आठ दिवसांत गेला.

मोज्याचं काम दोन प्रकारचं. एक, तो श्वास घेतो, फोमसारखी ओल कोंडत नाही. दोन, कपाटाच्या पत्र्याला, कडीला, शेजारच्या वस्तूला बंदूक घासू देत नाही. दुसऱ्या कामात मोजा शंभर टक्के पास. सव्वा वर्षात नवीन ओरखडा एकच, आणि तोही मोज्यानंच दिला. नाडी आवळायला जी प्लॅस्टिकची गोटी दिलीय तिच्यात धातूची स्प्रिंग आहे. ती लोंबून दस्त्यावर आपटत राहिली आणि पॉलिशवर तांदळाएवढे चार खड्डे पडले. मी गोटी कापून टाकली, साधी गाठ मारते. इतक्या साध्या गोष्टीत चूक करायची म्हणजे वस्तू बनवणाऱ्यानं कधी बंदूक ठेवली नसणार. दुसरी कटकट म्हणजे नळीच्या तोंडावरची पितळी माशी (नेम धरायची खूण) दर वेळी विणीत अडकते. तिथला धागा आता ओढला गेलाय. मोजा घालताना तोंडावर बोट ठेवून सरकवला की अडकत नाही. पण त्या बोटाचा ठसा नंतर पुसायचा.

आणखी एक, हे आमच्या सावद्याच्या सुतारानं सांगितलं. दस्त्याला परत पॉलिश करायचं मनात असेल तर मोज्यात घालायच्या आधी करून घ्या. लाकडावर सिलिकॉन गेलं की वरचं पॉलिश जागोजागी फाटतं, माशाच्या डोळ्यासारखे गोल गोल डाग राहतात. मी आधीच जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात दिले होते, म्हणून वाचले. (जवसाच्या तेलानं भिजलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते. मोकळी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा. आमच्या घरात जवस म्हणजे चटणी, त्यामुळे हे ऐकून वहिनी आठ दिवस माझ्याकडे संशयानं बघत होती.)

पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये. विधानसभेची आचारसंहिता, बंदूक पुन्हा जमा. या वेळी हात धुवून, पुसून, सुती हातमोजे घालून नळ्यांना आतून-बाहेरून तेल दिलं, मोज्यात घातली आणि चिठ्ठी माझी मी सुतळीनं बांधून नेली, कारण मागच्या खेपेला ती तारेनं बांधली होती आणि चापाच्या कड्यावर तारेची चरी पडली होती. नोव्हेंबरअखेर परत आली ती जशी दिली तशी. मी खूश. पाच तारे द्यायला निघाले होते. आता कळतं की ऑक्टोबर-नोव्हेंबरचा खान्देश म्हणजे कोरडी हवा, त्यात एवढं तेल दिल्यावर धोतरात गुंडाळून दिली असती तरी बहुतेक तशीच आली असती.

खरी गंमत मे २०२५ मध्ये झाली. बाहेर पंचेचाळीस अंश, हवा इतकी कोरडी की सकाळी वाळत घातलेलं पातळ दहा मिनिटांत कडक. अशात कोण गंजाचा विचार करतो? महिन्याची पुसापुशी म्हणून मोजा काढला, तर चापाच्या कड्यावर आणि मागच्या लोखंडी पट्टीवर बारीक तपकिरी ठिपके, मोहरी सांडावी तसे. नळ्या ठीक होत्या. मला काही उलगडेना. भाचा आला होता, जळगावच्या एमआयडीसीत कामाला आहे. त्यानं खोलीत एकदा नजर फिरवली आणि म्हणाला, "आत्या, कपाट कुलरच्या तोंडासमोर ठेवलंय तू."

खान्देशात मार्च ते जून कुलर हा घरातला माणूस असतो. वाळ्याच्या ताट्या ओल्या, पंखा गरगर, रात्रभर. अख्खा उन्हाळा आम्ही स्वतः बेडरूममध्ये पावसाळा तयार करतो आणि त्या पावसाळ्यात मी लोखंडी कपाट उभं केलं होतं. साडेतीनशे रुपयांचा आर्द्रतामापक आणला. माजघरात त्यानं बावीस टक्के दाखवलं, कपाटात सत्तर. साधारण साठीच्या वर आर्द्रता गेली की पोलादाला गंज चढायचा वेग वाढतो, आणि घामाचं मीठ असेल तर त्याच्या आधीही सुरुवात होते. कपाट दुसऱ्या दिवशी माजघरात गेलं. या सगळ्या खरेदीत सर्वात उपयोगी वस्तू कोणती म्हणाल तर तो साडेतीनशेचा आर्द्रतामापक. मोजा ओली हवा अडवत नाही, अडवायचं त्याचं कामही नाही. पाकिटावर "गंजापासून संपूर्ण संरक्षण" छापलंय, ते वाचून मी महिनाभर पुसलं नाही, आणि या एका वाक्यासाठी मी त्याचे दोन तारे कापते.

मग पावसाळ्याच्या तोंडावर सिलिका जेल. अर्धा किलो, नारंगी दाणे, ओल प्यायले की हिरवे होतात. निळे दाणेही मिळतात, ते गुलाबी होतात, पण त्यांच्यात कोबाल्टचं क्षार असतं आणि ते विषारी. स्वयंपाकघरात तापवायची वस्तू म्हणून मी नारंगीच घेतले, तरी भांडं वेगळं ठेवलंय आणि वेगळंच ठेवा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात डबा कपाटात ठेवला. नवव्या दिवशी सगळे दाणे गर्द हिरवे, मापक मात्र अडुसष्टच. दाणे बिचारे कपाटाची नव्हे, अख्ख्या माजघराची हवा पीत होते. आपल्या लोखंडी कपाटाच्या दाराला बोटभर फट असते. बाजारातून गाडीच्या दाराची रबरी पट्टी आणली, शंभर रुपयांची, मागून चिकटणारी, आणि दाराच्या चारी कडांना लावली. वरच्या जाळीला आतून टेप. त्यानंतर तेच दाणे पाच आठवडे नारंगी राहिले आणि मापक पन्नासच्या आत. म्हणजे दाण्यांचा रिव्ह्यू द्यायचा तर पट्टीशिवाय एक तारा, पट्टीसह पाच.

हिरवे दाणे परत सुकवता येतात, हे त्यातलं सुख. पहिल्यांदा मी जुन्या कढईत मंद आचेवर टाकले, शेंगदाणे भाजतात तसे. फोन आला, बोलत राहिले, दाणे काळपट तपकिरी. ओल ते अजूनही पीत असतील, पण रंगद्रव्य जळालं, आता ते काही सांगत नाहीत. दुसऱ्यांदा छोट्या ओव्हनमध्ये एकशे दहा अंशावर अडीच तास, पसरून. सोन्यासारखे परत आले. मे महिन्यात पापडाच्या पत्र्यावर ठेवले असते तरी बऱ्यापैकी सुकले असते, पण मे महिन्यात ते हिरवे होतातच कुठे.

कागदाचं श्रेय भाच्याचं. त्यांच्याकडे बेअरिंगं, सुटे भाग ज्यात गुंडाळून पाठवतात तो व्हीसीआय कागद. त्यातून अगदी सूक्ष्म वाफ निघते आणि लोखंडावर न दिसणारा थर धरते. बंद जागेत काम करतो, उघड्यावर वाफ उडून जाते. त्यानं आणलेल्या तुकड्याची सुरळी करून मी दोन्ही नळ्यांत सरकवली, शेपूट बाहेर ठेवून, म्हणजे आत काही आहे हे विसरायला नको. पूर्ण पावसाळा आत तेलाचा पातळ हात आणि हा कागद, नळ्या आरशासारख्या. फुकटात मिळालेल्या वस्तूला तारे देऊ नयेत असं भाचा म्हणतो. मी देते, पाच. फक्त हा कागद लोखंडासाठी असतो, दस्त्याला गुंडाळायचा नाही, आणि वर्ष-दीड वर्षात बदलायचा. बार काढायच्या आधी कागद काढायचा आणि तेल कोरड्या चिंधीनं पूर्ण पुसायचं हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते. नळीत अडकलेली कुठलीही गोष्ट नळी फाडू शकते.

तेलाबद्दल आमच्या गावात प्रत्येकाचं मत आहे. खोबरेल वापरणारे आहेत, ते चार महिन्यांत चिकट होऊन चापाच्या आतल्या कमानींना गोंद लावल्यासारखं बसतं. शिलाई मशीनचं तेल वाईट नाही, पण पातळ, उभ्या नळीवरून ओघळून खाली जातं. निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० पाणी हाकलायला उत्तम, त्याच्या नावाचा अर्थच तो, मात्र महिनोन्महिने राखण करायला तो पुरत नाही. मी सध्या बॅलिस्टॉल वापरतेय, मूळ जर्मन, शंभर वर्षांहून जुनं, लाकूड-चामड्यालाही चालतं. पाण्यात मिसळलं की दुधासारखं पांढरं होतं ते बघून आप्पांनी विचारलं, "तेल हाय का ताक?" महाग आहे, पण एकावेळी चार थेंब लागतात, डबा संपतच नाही. कुठलंही लावा, थबथबीत लावू नका. आणि कपाटात बंदूक उभी ठेवत असाल तर नळीचं तोंड खाली, नमद्याच्या तुकड्यावर. तोंड वर ठेवलं की नळीतलं तेल हळूहळू दस्त्याच्या मानेत उतरतं. लाकूड काळं आणि मऊ पडतं. आमच्या दस्त्याची मान तशी काळवंडलीय, आणि त्याला जबाबदारही मीच, आप्पा आडवी ठेवायचे.

मोजा घ्यावा का? बंदूक कुलपी कपाटात इतर सामानाबरोबर राहत असेल, किंवा दर निवडणुकीला जमा करावी लागत असेल तर घ्या. तीन तारे. फोमचं कव्हर फक्त प्रवासापुरतं ठेवा. साडेसातशे रुपये एकाच वस्तूवर घालायचे असतील तर मात्र आधी मापक आणि रबरी पट्टी घ्या, उरलेल्या पैशात दाणे येतात.

या सप्टेंबरात आप्पांनी मोजा उतरवून बंदूक बघायला मागितली. डोळ्यांना आता कमी दिसतं, म्हणून नळीवरून हात फिरवत गेले. चार बोटांवर थांबले. सावली हाताला लागत नाही, तरी थांबले. मग मी काही बोलायच्या आत फडकं मागून घेतलं आणि स्वतःचे ठसे पुसून दिले.